मैत्रीभावना, भय आणि आरोग्य : इगतपुरीच्या विपश्यना परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होत आहेत. दहा दिवसांच्या या शिबिराविषयी आपल्याकडे चर्चा होते ती प्रामुख्याने मौनाची. दहाव्या दिवशी शिकविल्या जाणाऱ्या मैत्रीभावनेकडे, म्हणजे पालीतील ‘मेत्ता’कडे, त्या मानाने कमी लक्ष जाते. मैत्रीभावनेने भय ओसरते आणि आजारही बरा होतो, असे दोन दावे सरसकट एकत्र केले जातात. परंपरेने मात्र त्यांत भेद केला आहे. त्या भेदाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मैत्री आणि भय :
करणीयमेत्त सुत्ताच्या अट्ठकथेत एक प्रसंग येतो. वर्षावासासाठी रानात राहिलेले भिक्षू वृक्षदेवतांची भीषण रूपे पाहून व आवाज ऐकून घाबरले आणि बुद्धांकडे परतले. बुद्धांनी त्यांना दुसरी जागा दिली नाही. मैत्रीचा उपदेश करून त्याच रानात परत पाठविले. ज्याचे भय वाटते त्याच्यापासून दूर जाणे हा येथे उपाय मानलेला नाही. त्याच्याविषयी मनात जो विरोध असतो तो नाहीसा करणे, हा उपाय आहे. भयभीत मन समोरच्याला शत्रू ठरवून मोकळे होते व पुढे त्या शत्रुत्वानेच भय वाढत जाते, हे मानसशास्त्राच्या अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

अंगुत्तर निकायात मैत्रीभावनेचे अकरा लाभ सांगितले आहेत. त्यांतील पहिले तीन झोपेविषयीचे आहेत : सुखाने झोप लागणे, सुखाने जाग येणे आणि वाईट स्वप्ने न पडणे. चित्त लवकर एकाग्र होणे, चेहरा प्रसन्न राहणे हेही त्या यादीत आहे. रोग बरा होणे मात्र त्यात नाही. ही बाब मला महत्त्वाची वाटते.

साधनेचा क्रम :
पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात साधनेचा सविस्तर क्रम आहे. धर्मानंद कोसंबी यांनी संपादित केलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. साधकाने आरंभ स्वतःपासून करावयाचा. नंतर आदरणीय व्यक्ती, प्रिय मित्र, तटस्थ व्यक्ती आणि सर्वांत शेवटी वैरी. स्वतःपासून आरंभ करण्यात स्वार्थ नाही. मला सुख हवे आहे, तसे इतरांसही हवे आहे, याची साक्ष स्वतःच्याच ठिकाणी पटते. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तर जवळचा शत्रू ‘राग’ असे हा ग्रंथ सांगतो. मराठी वाचकाची येथे हमखास फसगत होते. पालीतील ‘राग’ म्हणजे क्रोध नव्हे, आसक्ती होय. आसक्ती मैत्रीसारखीच दिसते, म्हणून ती जवळची. जेथे आसक्ती तेथे गमावण्याचे भयही आलेच.

इगतपुरीच्या शिबिरात हा संपूर्ण क्रम स्वतंत्र साधना म्हणून करविला जात नाही. पहिले तीन दिवस आनापान, चौथ्या दिवसापासून विपश्यना आणि दहाव्या दिवशी मैत्री, अशी तेथील रचना आहे. मैत्रीच्या सत्रानंतर मौन सुटते. अंतर्मुख झालेले मन पुन्हा माणसांत जाण्यापूर्वी मैत्रीने मृदू व्हावे, ही योजना मोठी समर्पक आहे.

आरोग्याचा प्रश्न :
या परंपरेचा भारतातील प्रसार करणारे सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे ब्रह्मदेशातील उद्योजक. तीव्र अर्धशिशीने ते त्रस्त होते. वेदना थांबविण्यासाठी मॉर्फीन घ्यावे लागे. परदेशांतील डॉक्टरांकडूनही गुण आला नाही, तेव्हा ते रंगून येथील सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी बरी करून घेण्यासाठी यावयाचे असेल तर प्रवेश देण्यास गुरूंनी नकार दिला. चित्तशुद्धीचा हेतू मान्य केल्यानंतरच १९५५ मध्ये गोयंकांचे पहिले शिबिर झाले. पुढे अर्धशिशी गेली. पण ती साधनेचे उपफल म्हणून, असेच ते सांगत.

आधुनिक संशोधन याच्याशी बरेचसे जुळते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जुनाट कंबरदुखीच्या ४३ रुग्णांवर झालेला आठ आठवड्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मैत्रीध्यान करणाऱ्या गटात वेदना व मानसिक क्लेश कमी झाले. ज्या दिवशी सराव अधिक, त्या दिवशी वेदना कमी आणि दुसऱ्या दिवशी क्रोध कमी, असेही आढळले. आघाताने मानसिक विकार जडलेल्या १८४ माजी सैनिकांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मैत्रीध्यान हे एका प्रस्थापित मानसोपचाराच्या तुलनेत आघाताची लक्षणे कमी करण्यात उणे ठरले नाही. अर्थात दोन्ही गटांतील सुधारणा माफकच होती. पाठीचा मणका सुधारला किंवा घडलेली घटना पुसली गेली, असे यांपैकी कोणीही म्हटलेले नाही. रोगाभोवती साचलेले भय, चीड व एकटेपण हलके होते आणि औषधोपचार व पथ्य सांभाळणे रुग्णास सोपे जाते, इतपत म्हणता येईल.

महाविद्यालयात असे वर्ग घेताना क्रमाचे भान ठेवावे लागेल. आघात सोसलेल्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी अत्याचार करणाऱ्याविषयी मैत्री चिंतावयास सांगणे हे विसुद्धिमग्गाच्याही विरुद्ध आहे. गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांनी शिबिरास येऊ नये, असा सल्ला विपश्यना केंद्रेही देतात. अशा विद्यार्थ्यास प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे ध्यानाच्या भरवशावर बंद करू देऊ नयेत.