इंजिन परतीच्या वाटेसाठी

उजनी धरणाच्या फुगवट्यावर नवं इंजिन घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हॉर्सपॉवरचं? प्रश्न चुकीचा नाही. संध्याकाळी जाळी लावायची, पहाटे उचलायची आणि मासळी मऊ पडायच्या आत बाजार गाठायचा, तर वेग लागतोच. पण माझं म्हणणं असं आहे की गोड्या पाण्यातल्या लहान होडीचं इंजिन परतीच्या वाटेचा हिशोब करून घ्यावं, त्याच हिशोबाने होडीला बसवावं आणि त्याच हिशोबाने राखावं. जाताना होडी रिकामी असते, टाकी भरलेली असते, माणसं ताजी असतात. येताना ओली जाळी, मासळीचे क्रेट, अर्ध्यावर आलेली टाकी, दमलेले हात आणि बऱ्याचदा उठलेला वारा. इंजिनाचा कस लागतो तो या दुसऱ्या फेरीत, आणि हॉर्सपॉवरचा आकडा तिच्याबद्दल फार थोडं सांगतो.

आधी पाणी समजून घेऊ. भीमेवरच्या उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. त्यामुळे धरण ‘मायनसमध्ये’ गेलं तरी फुगवट्यात होडी चालण्याइतकं पाणी बऱ्याच ठिकाणी उरतं. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारं काही नाही. वारा जितक्या लांब पाण्यावरून येतो तितकी लाट वाढते, आणि पाणी उथळ असेल तर ती तोकडी आणि उभी होते. समुद्रातल्या लांब लाटेवर होडी चढते आणि उतरते. इथल्या तोकड्या लाटेत तिला चढायला सवडच मिळत नाही, पाणी काठावरून सरळ आत येतं. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की वळवाचा वारा बघता बघता उठतो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी अशाच सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती माणसं नेणारी होडी होती, मासेमारीची नव्हती. पण पाणी तेच आणि वाराही तोच, म्हणून मासेमारीच्या होडीचा विचार करतानाही ती संध्याकाळ डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

आता वेगाकडे वळू. पाणी सारत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. होडी जसजशी जोरात जाते तसतशी तिने स्वतःच उठवलेली लाट लांब होत जाते, आणि एका वेगानंतर होडी त्या लाटेच्या चढावर अडकते: तोंड वर, मागचा भाग खाली. पाण्याच्या रेषेवर १६ फूट लांब असलेली होडी ताशी साधारण १० किलोमीटरवर अशी अडते, २० फुटी होडी ११च्या आसपास. तिथवर पोचायला साधारण भाराच्या होडीला ५ ते १० हॉर्सपॉवर पुरतात. त्यापुढची ताकद वेगात फारशी उतरत नाही. पेट्रोल मात्र जळतं आणि मागचा काठ पाण्याजवळ येतो. ‘वारा उठला तर मोठं इंजिन लवकर काठाला आणेल,’ असं याला उत्तर दिलं जातं, आणि ते वरवर पटण्यासारखं आहे. पण तोकड्या लाटेत थ्रॉटल कमी करावंच लागतं, नाहीतर तोंड आपटतं आणि पुढून पाणी येतं. म्हणजे जास्तीची ताकद ज्या वेळेसाठी घेतली त्याच वेळी ती वापरता येत नाही, आणि ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं ७० किलोच्या आसपासचं वजन मात्र मागच्या फळीवर लटकलेलं राहतं, जणू एक जास्तीचा माणूस कायम तिथेच बसलेला. रुंद, सपाट बुडाच्या हलक्या फायबर होडीला मोठं इंजिन शोभतं, कारण ती पाण्यावर उचलली जाऊन धावू शकते. गस्तीच्या किंवा बचावाच्या होडीला ते हवंच. ओली जाळी आणि मासळी भरलेली होडी तशी उचलली जात नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन २ हॉर्सपॉवरवर भागवणंही बरोबर नाही. समोरच्या वाऱ्यात तेवढं इंजिन होडीला जागच्या जागी धरून ठेवण्यातच दमतं.

ताकदीपेक्षा जास्त फरक पडतो तो पंख्याने आणि बसवणुकीने, आणि दोन्हींकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. इंजिनाच्या दांड्याची लांबी १५ इंची किंवा २० इंची अशी ठरलेली येते. ती होडीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळली पाहिजे. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते; होडी सपाट उभी असताना ती बुडाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. ती वर राहिली तर लाटेत पंखा हवा ओढतो, इंजिन अचानक किंचाळतं आणि होडी पुढे सरकत नाही. खूप खाली गेली तर दांडाच पाणी सारत बसतो. तीच गोष्ट पंख्याच्या पिचची. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः किती इंच पुढे जाईल ते अंतर. दुकानात लावलेला पंखा बहुधा हलक्या होडीच्या बेताचा असतो. भरलेल्या होडीत पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, आवाज जड आणि दबलेला येत असेल, तर पंखा एक-दोन इंच कमी पिचचा लावावा. पिच इंचभर कमी केली की मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. नव्या पंख्याचा खर्च नव्या इंजिनापुढे किरकोळ आहे आणि परतीच्या वाटेवर त्याचा उपयोग रोज होतो. पंख्याला धोका पाण्याखालच्या अडथळ्यांचाही असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुगवट्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते उघडं पडायच्या आधीचे आठवडे पंख्याला जास्त धोक्याचे, कारण तेव्हा जुने बांध, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधे हात-दोन हात पाण्याखाली असतात. लहान इंजिनांत आदळल्यावर तुटणारी एक नरम पिन मुद्दाम ठेवलेली असते. ती तुटते म्हणून गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा ठोकून काम चालवलं की पुढच्या धक्क्याला गिअरच जातो. सुट्या दोन पिना आणि पक्कड होडीतच असावी.

जाळं आणि इंजिन यांचं वैर मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण गोड्या पाण्यातली बरीच इंजिनं या एका कारणाने हळूहळू मरतात. पंख्याने तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, ओढला तर इंजिन बंद करून दिसतो तेवढा कापून काढतात आणि पुढे निघतात. जो दिसत नाही तो पंख्याच्या मागे, दांड्याभोवती राहतो. पंख्याची खीळ काढा, नट सोडा, पंखा सरळ मागे ओढून घ्या: आत दांड्यावर तंगूसाचे वेढे एकावर एक बसलेले दिसतात, घर्षणाच्या उष्णतेने एकमेकांना चिकटून त्यांची कडक, काळपट चकती झालेली असते. नखाने ती निघत नाही, चाकूच्या टोकाने कापावी लागते. ही चकती जिथे रुतते तिथेच गिअरपेटीचं रबरी सील असतं. तंगूस त्या सीलची कड खातो, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑईलमध्ये मिसळतं. कित्येक दिवस इंजिन तक्रार करत नाही. गिअर, बेअरिंग गंजत जातात आणि एक दिवस परतीच्या वाटेवर, भार असताना, गिअर सुटतो. हे आधी कळायचा मार्ग अगदी सोपा आहे. गिअरपेटीचा खालचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब बोटावर घ्यायचे. ऑईल पारदर्शक असेल तर ठीक, दुधाळ दिसलं तर सील गेलं. तंगूस अडकला त्या दिवशी पंखा उतरवून बघावाच. अडकला नसेल तरी महिन्यातून एकदा. आणि जाळ्याजवळ पोचताना शेवटचं अंतर वल्ह्यांनी कापावं, इंजिन वर उचलून. यात वेळ जातो अशी तक्रार असते. जातात ती पाच मिनिटं, आणि सीलबरोबर गिअरपेटीही गेली तर भर हंगामातले दिवस जातात. फाटलं जाळं पाण्यात टाकून देण्याची सवयही याच हिशोबात धरली पाहिजे. नायलॉन कुजत नाही, तो तुकडा पाण्याखाली मासे मारत राहतो आणि दुसऱ्याच्या पंख्याची वाट बघतो. फाटकं जाळं काठावर आणणं हे शेजारच्या होडीशी असलेलं कर्तव्य आहे.

इंधनाचा नियम जुना आणि साधा आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक. १० हॉर्सपॉवरचं जुन्या पद्धतीचं दोन-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला साडेतीन ते चार लिटर पितं. समोरच्या वाऱ्यात तेवढ्याच अंतराला जास्त वेळ लागतो, म्हणून ‘जाताना पाच लिटर लागलं, येताना पाच लागेल’ हा हिशोब चुकतो. दोन-स्ट्रोकचं मिश्रण कंपनीच्या पुस्तकात असेल तेच करावं. बऱ्याच इंजिनांना ५०ला १ लागतं, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑईल, आणि ते मापानेच घालावं, अंदाजाने नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी पुरेसं साचलं की दोन्ही पेट्रोलपासून वेगळी होऊन तळाला बसतात. इंधनाची नळी नेमकी तळातून ओढते. म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी आठवडेच्या आठवडे होडीत ठेवू नये, आणि इंजिन काही दिवस उभं राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. इंजिन चालू असताना मागून जी पाण्याची बारीक धार पडते तिच्यावर अधूनमधून नजर असावी. धार बारीक झाली की पाणी ओढायच्या जाळीत शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलंय, नाहीतर आतला रबरी पंखा झिजलाय, आणि पुढची काही मिनिटं इंजिनाच्या आयुष्याची आहेत.

जाळं उचलण्याची जागाही इंजिनाशी बांधलेली आहे. इंजिन मागे, म्हणून मागचा काठ सगळ्यात खाली. जाळं मागून ओढलं किंवा नांगर मागून टाकला तर वजन आणि लाट दोन्ही तिथेच येतात. तोंड वाऱ्याकडे करून, पुढून जाळं उचलावं, इंजिन बंद ठेवून. इंजिन बंद करणारी लाल दोरी हँडल धरणाऱ्याच्या मनगटाला असावी. माणूस पाण्यात पडला आणि इंजिन चालू राहिलं तर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. लाइफ जॅकेटबद्दल मात्र ज्यांचं रोजचं काम आहे त्यांची हरकत नीट ऐकली पाहिजे: उकडतं, हात मोकळे राहत नाहीत, जाळ्याचे फास बंदात अडकतात. तिसरी गोष्ट खरी आणि गंभीर आहे. पण ते जॅकेट फळीखाली ठेवायचं कारण होत नाही. बंद आणि बक्कल पुढे न येणारं, बिनबाह्यांचं जॅकेट घ्यावं आणि कमरेला आखूड चाकू असावा. होडी उलटते तेव्हा फळीखालचं जॅकेट होडीबरोबर उलटतं. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही पाय पाण्याखालच्या जाळ्यात गुंततात.

बॅटरीवरच्या मोटारीचा पर्याय अलीकडे सुचवला जातो. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल नाही. गळ टाकून बसणाऱ्याला लहान तळ्यात ती उत्तम आहे. मोठ्या धरणावर मात्र गणित जमत नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत १.२ युनिट वीज, त्यातली निम्मी वापरली तरच बॅटरी टिकते, म्हणजे ६०० वॉट-तास. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. वारा समोर असेल तर एवढ्यावर परतीची खात्री देता येत नाही. तेव्हा सध्या तरी पेट्रोल इंजिन आणि सोबत वल्ह्यांची चांगली जोडी. वल्ही नुसती होडीत असून उपयोग नाही, ती अडकवायच्या कड्या शाबूत हव्यात आणि भरली होडी वल्ह्यांवर किती अंतर नेता येते ते शांत दिवशी करून बघितलेलं असावं.

या हंगामात इंजिन घेणार असाल तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: पाण्याच्या रेषेवर होडीची लांबी, मागच्या फळीची उंची, आणि परतताना होडीत असणारी माणसं, जाळी, मासळी यांचं मिळून वजन. आणि भाव विचारण्याआधी विचारा की या फळीला कोणता दांडा बसेल, आणि या वजनाला कमी पिचचा पंखा त्यांच्याकडे मिळतो का.