लोकनृत्याचा प्रवास, लेखांक ६ : रिंगणातून मंचावर – कोरियाची वाट

गेल्या आठवड्याचा लेखांक बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या धर्मरायस्वामींच्या करगावर होता. तिगळ समाजातला एक व्रतस्थ पुरुष द्रौपदीचं रूप घेतो, हातात बांगड्या भरतो आणि मोगऱ्याने मढवलेला करग, म्हणजे कलश, डोक्यावर घेऊन, त्याला हात न लावता, तलवारी परजणाऱ्या वीरकुमारांसोबत रात्री गावातून निघतो. असा नाच तिकीट लावून सभागृहात दाखवता येईल का, हा प्रश्न त्या लेखात अर्धवट राहिला होता. करगापुरतं माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. व्रत काढलं, रात्र काढली, गल्लीत वाट पाहत उभी असलेली माणसं काढली, की मागे फक्त तोल सांभाळण्याची करामत उरते. पण सगळ्याच लोकनृत्यांचा निकाल एवढ्या सहज लावता येत नाही. एका देशाने आपले अंगणातले, शेतातले, मांत्रिकांचे आणि भटक्या खेळकऱ्यांचे नाच ठरवून, कायदा करून, शंभरेक वर्षांच्या खटपटीने रंगमंचावर आणले. तो देश कोरिया.

आनेकल तालुक्यातल्या इलेक्ट्रॉनिक सिटीकडच्या सोसायट्यांमधून गणपतीच्या कार्यक्रमात हल्ली के-पॉपवर नाचणाऱ्या मुली दिसतात. त्यांना कोरियन गाण्यांचे शब्द पाठ असतात. त्या देशाचा जुना नाच मात्र त्यांच्या आई-वडिलांपर्यंत पोहोचलेला नसतो. तो आपल्याला वाटतो तितका परका नाही.

दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाला हेनाम आणि जिंदो हा किनारपट्टीचा मुलूख आहे. तिथे आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेला, म्हणजे छुसक या सुगीच्या सणाच्या रात्री, बायका हातात हात धरून रिंगण करतात. एक जण पुढे गाते आणि बाकीच्या प्रत्येक ओळीनंतर एकच शब्द उचलून धरतात, ‘गांगगांगसुल्ले’. नाचाचं नावही तेच. सुरुवात इतकी संथ असते की पावलं मोजता यावीत. मग लय मध्यम होते, पुढे द्रुत, आणि शेवटी सगळं रिंगण धावू लागतं. मधे मधे खेळ येतात. कुणी चटई गुंडाळल्यासारखी रांग वेटोळी करत आत नेते. दोघी हात उंच धरून दरवाजा करतात आणि बाकीच्या त्याखालून जातात. ओणव्या झालेल्या बायकांच्या पाठींवरून एक जण कौलांवर चालावं तशी पुढे जाते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी स्वाऱ्या झाल्या तेव्हा दर्यासारंग यी सुनशिन याने शत्रूला फौज मोठी भासावी म्हणून बायकांना डोंगरावर असं रिंगण धरायला लावलं, अशी दंतकथा आहे. नाच त्याहून पुष्कळ जुना असावा, असंच अभ्यासकांना वाटतं. युनेस्कोच्या यादीत तो 2009 साली गेला.

हे वाचताना मराठी वाचकाला भोंडला आठवल्याशिवाय राहणार नाही. आश्विनातली संध्याकाळ, पाटावर काढलेला हत्ती, त्याभोवती फेर धरणाऱ्या मुली, एकीने सांगायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, आणि शेवटी खिरापत ओळखायची. खेळांच्या बाबतीत तर मंगळागौर आणखी जवळची. झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, सूपफुगडी ही सगळी त्याच जातीची गंमत. घरातून वर्षभर सहसा बाहेर न पडणाऱ्या बायकांना अंग मोकळं करायची एक रात्र मिळत असे. कोरियातही तसंच होतं आणि इथेही तसंच होतं.

आता हा फेर मंचावर आणायचा, तर पहिली अडचण अगदी साधी आहे. रिंगणाला पुढची बाजू नसते. नाचणाऱ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत असतात आणि जो बघायला येतो त्याला पाठीच दिसतात. सभागृहात प्रेक्षक एकाच बाजूला बसतो. मग रिंगण फोडायचं, अर्धचंद्र करायचा, रांगा पाडायच्या. लय वाढायला अंगणात अर्धी रात्र लागते, मंचावर दहा मिनिटं मिळतात. अंगणात साठीच्या आजीबाई आणि दहा वर्षांची नात शेजारी शेजारी नाचतात, मंचावर सगळ्या एकाच उंचीच्या, एकाच वयाच्या असतात. दिशा, वेळ आणि माणसं, या तीन गोष्टी बदलल्या की नाचाचं पोटच बदलतं. कोरियन नृत्य कंपन्यांचा पुढचा सगळा इतिहास याच अडचणीशी घातलेल्या झटापटीचा आहे.

पहिला माणूस हान सॉंगजुन. 1874 सालचा जन्म, मूळचा ढोल वाजवणारा. साथीदार म्हणून आयुष्यभर नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत आला. कोरिया जपानच्या ताब्यात असताना, 1930 च्या दशकात त्याने सोलमध्ये संस्था काढली. विधींमधले, खेळकऱ्यांचे आणि गिसेंग, म्हणजे दरबारी कलावंतिणींचे विखुरलेले नाच त्याने गोळा केले, त्यांना आरंभ-मध्य-शेवट दिला आणि शिष्यांना शिकवले. आज ‘पारंपरिक’ म्हणून जे कोरियन नाच जगभर दाखवले जातात, त्यातले कित्येक त्याच्या हातून घडून पुढे आले आहेत. ताल धरणाऱ्या माणसाने नाच वाचवावा, हे मला फार योग्य वाटतं.

त्याच्याकडून शिकलेली छ्वे सुंगही 1911 साली जन्मली. 1926 मध्ये ती जपानला गेली आणि इशिई बाकू या आधुनिक नर्तकाकडे शिकली. तिला युरोपीय पद्धतीचं आधुनिक नृत्य येत होतं आणि घरचे नाच हान सॉंगजुनने हाती दिले. 1937 च्या अखेरीपासून 1940 पर्यंत तिने अमेरिका, युरोप आणि लॅटिन अमेरिकेत कार्यक्रम केले. याच दशकात आपल्याकडचे उदय शंकर पाश्चात्य मंचांवर हेच करत होते. घरच्या मुद्रा, परक्या प्रेक्षकाला कळेल अशी मांडणी, प्रकाशयोजना आणि स्वतःची कंपनी. दोघांनाही मायदेशी ‘हे अस्सल नाही’ असं ऐकावं लागलं. छ्वे सुंगही 1946 साली उत्तरेत गेली आणि पुढची चाळीस वर्षं दक्षिण कोरियात तिचं नाव उघडपणे घेणं कठीण झालं. तिचा नाच मात्र शिष्यांच्या अंगात राहिला.

त्या शिष्यांपैकी एक किम बेकबोंग. रंगीत पोशाख घातलेल्या मुली पिसांची झालर लावलेले मोठे पंखे उघडून कधी फूल करतात, कधी लाट करतात, हे दृश्य कोरियाच्या जाहिरातीत प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. हा पंख्यांचा नाच, बुछेछुम, हजार वर्षांचा असेल असं वाटतं. तो किम बेकबोंग यांनी 1954 साली सोलच्या मंचावर पहिल्यांदा एकटीने केला, आणि समूहाचा नाच म्हणून 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या निमित्ताने तो जगापुढे गेला. म्हणजे कोरियाचा सगळ्यांत ओळखीचा ‘लोकनाच’ अंगणात कधी जन्मलाच नाही. त्यात त्याची अप्रतिष्ठा आहे असं मला वाटत नाही. त्यातलं अंग, श्वास, लय हे सगळं जुनं आहे आणि रचना एका बाईची आहे. आपल्याकडच्या शाळांच्या स्नेहसंमेलनातला कोळी नाच आठवा. वल्ही, टोपल्या, रांगेत डोलणं, ही मांडणी किनाऱ्यावरून कमी आणि मंचावरून जास्त आलेली आहे. फरक एवढाच की कोरियाने रचनाकाराचं नाव जपलं.

1962 हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी कोरियात दोन गोष्टी झाल्या. सांस्कृतिक ठेवा जपण्याचा कायदा झाला आणि राष्ट्रीय नृत्य कंपनी स्थापन झाली. एकाचं काम होतं तसंच ठेवण्याचं, दुसरीचं काम नवं करण्याचं.

कायद्याने नाचाला नुसतं प्रमाणपत्र दिलं नाही. ज्याच्या अंगात तो नाच आहे त्या माणसाला ‘धारक’ ठरवलं. धारकाला दरमहा मानधन मिळतं आणि त्या बदल्यात शिकवण्याची जबाबदारी येते. त्याच्याखाली शिकवणारे सहायक, त्यांच्याखाली परीक्षा देऊन पार पडलेले शिष्य, मग नवशिके, अशी शिडीच आहे. सुंगमू, म्हणजे लांब बाह्यांचा भिक्षूवेशातला नाच, आणि साल्पुरी, या दोन्हींचे धारक असलेले ई मेबांग (1927–2015) हे मोकपो गावात गिसेंगांच्या शाळेत लहानपणी शिकले. ज्या कलावंतिणींच्या घराकडे बोट दाखवलं जात असे, तिथली विद्या राष्ट्राचा ठेवा झाली. आपल्याकडे वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती 2012 साली, नव्वदी उलटल्यावर. बैठकीच्या लावणीतली त्यांची अदा कुणी, किती वर्षं, कुणाच्या खर्चाने शिकावी, याची शिडी कुणी उभी केली नाही. ही खंत मला प्रामाणिकपणे वाटते, कारण अदा पुस्तकात लिहून ठेवता येत नाही.

साल्पुरी जरा जवळून बघू. मुळात मांत्रिक बायका अरिष्ट दूर करण्यासाठी जो विधी करत, त्याच्या तालाशी या नाचाचं नातं आहे. नर्तकी पांढऱ्या वेशात एकटी येते. हातात लांब पांढरं रेशमी वस्त्र. पायात ‘बसन’, म्हणजे टोकाला किंचित वर वळलेले पांढरे कापडी मोजे. पाऊल टाकताना आधी टाच टेकते, मग तळवा हळूच उलगडत खाली येतो. भरतनाट्यम किंवा कथक बघायची सवय असलेल्या डोळ्याला इथे पायांचा आवाजच सापडत नाही. जमिनीवर आघात करायचाच नाही, जमिनीतून श्वास वर घ्यायचा. श्वास आत घेताना खांदे आणि छाती किंचित उचलतात, सोडताना गुडघे मऊ होतात. ताल बहुतेक तीन-तीनच्या झोक्याचा, आपल्या दादऱ्याला जवळचा, पण तिसऱ्या मात्रेवर रेंगाळणारा. नर्तकी मधेच थांबते. वस्त्र हवेतून खाली येईपर्यंत ती हलत नाही आणि त्या थांबण्यात वाद्यं चालू राहतात. मग ती ते वस्त्र जमिनीवर टाकते, त्याच्यापाशी बसते, पुन्हा उचलते. सगळं दुःख तेवढ्यात सांगून होतं. हा नाच मंचावर टिकला, कारण तो मुळातच एकट्या माणसाचा आहे, त्याला रिंगण तोडावं लागलं नाही.

नोंगाक या शेतकऱ्यांच्या वाद्य-नाचाचं प्रकरण वेगळं. क्वेंगग्वारी ही छोटी कर्कश झांज, जिंग ही मोठी घुमणारी थाळी, जांगगू हा मधे निमुळता ढोल आणि बुक हा जाड ढोल वाजवत तांडा गावभर फिरतो. वादकांच्या टोपीला फिरत्या खुंटीवर कागदाची लांब फीत असते, तिला सांगमो म्हणतात. मान आणि गुडघे अशा बेताने हलवायचे की फीत हवेत सतत गोल फिरत राहते, आणि त्याच वेळी हातांनी वाजवत पळायचं. गजी नृत्यात ढोलाभोवती फिरणारे धनगर ज्यांनी पाहिलेत त्यांना हा दम ओळखता येईल. 1978 साली सोलच्या एका लहानशा नाट्यगृहात किम दॉक-सू आणि साथीदारांनी याच चार वाद्यांना चक्क खाली बसवलं. नाच काढून टाकला, फिरणं काढून टाकलं, फक्त ताल ठेवला. सामुल्नोरी या नावाने ते वादन जगभर गेलं. किम दॉक-सू नामसादांग या भटक्या पुरुष खेळकऱ्यांच्या परंपरेत वाढलेले. डोंबाऱ्यासारखी दोरीवरची कसरत, ताटल्या फिरवणं, कोलांट्या, मुखवटे, बाहुल्या, सगळं करणारी ती मंडळी. मंचासाठी काय सोडायचं, हे त्या परंपरेतल्याच माणसाने ठरवलं, म्हणून ते जमलं. बाहेरच्या दिग्दर्शकाने तसं केलं असतं तर वादकांच्या अंगातला फेर त्याला ऐकूच आला नसता.

राष्ट्रीय नृत्य कंपनीचा मार्ग सरळ नव्हता. सुरुवातीला कथेवर आधारलेली मोठमोठी नृत्यनाट्यं झाली. अलीकडे ‘मुक्ह्यांग’ (2013) या प्रयोगात वेशभूषाकार जंग गूहो यांनी मंच जवळजवळ रिकामा ठेवला. प्लमचा मोहोर, ऑर्किड, शेवंती आणि बांबू अशा कोरियन चित्रांतल्या चार वनस्पती. त्यांच्यातून चार ऋतू, आणि शाईच्या एका फटकाऱ्याएवढी हालचाल. फिनलंडचे टेरो सारिनेन यांनी 2014 मध्ये याच नर्तकांबरोबर ‘वोर्टेक्स’ बसवलं. परक्या नृत्यदिग्दर्शकाच्या हाती घरचे नर्तक दिले, तरी टाच आधी टेकण्याची सवय जात नाही, आणि तिथेच तो प्रयोग कोरियन राहतो. सरकारी कंपनीबाहेर किम मेजा यांची छांगमू ही कंपनी 1976 पासून याच सीमेवर काम करत आली. 2020 मध्ये अँबिग्युअस डान्स कंपनीने पर्यटन महामंडळाच्या चित्रफितींत पानसोरी या जुन्या कथागायनावर बेतलेल्या गाण्यांवर रस्त्यांवर जे धमाल नाच केले, ते पाहून तरुण पोरं त्या गायनाकडे वळली, हेही विसरू नये.

धारकांच्या शिडीची किंमतही कोरियाने मोजली. ‘मूळ रूप’ जपायचं म्हटल्यावर धारकाचं एक रूप पक्कं होतं आणि त्याच गावातली बाकीची रूपं मागे पडतात. धारक कुणाला ठरवायचं यावरून घराण्यांमध्ये कटुता येते. 2016 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने हट्ट थोडा सैल केला. गाभा सांभाळा, काळानुसार रूप बदललं तर चालेल, अशी ती भूमिका. तरीही नव्या कंपन्यांना बिनधास्त प्रयोग करता येतात ते तळाशी कुणीतरी न बदलता शिकवत बसलं आहे म्हणूनच.

आपल्या मंगळागौरीच्या ग्रुपांकडे मी याच नजरेने बघते. पुण्या-मुंबईत आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांतही नऊवारी नेसलेल्या बायकांचे संच सुपारी घेऊन खेळ करतात. तो उत्साह खरा आहे आणि त्या बायकांचा दमही खरा. पण झिम्म्याचे किती प्रकार अजून कुणाला येतात, कोकणातली फुगडी आणि देशावरची फुगडी यांत पाय कुठे वेगळा पडतो, हे सांगणारी बाई गावात ऐंशीची झालेली असते आणि ग्रुप व्हिडिओ बघून शिकत असतो. प्रत्येक संचाने वर्षातून एकदा अशा एका बाईकडे जाऊन तिच्या पद्धतीने, तिच्या वेगाने खेळ शिकावा आणि तिला मानधन द्यावं. मंडळांच्या अंदाजपत्रकात एवढी तरतूद सहज बसते.

कोरियन संच भारतात येतात ते बहुधा दिल्लीचं कोरियन सांस्कृतिक केंद्र किंवा चेन्नईचं इन्को सेंटर यांच्यामार्फत. बेंगळुरूहून चेन्नई रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे. गेलात तर पुढच्या रांगेचा हट्ट धरू नका. समूहनृत्याचं रिंगण थोडं उंचावरून कळतं. पंख्यांचा नाच झाल्यावर टाळ्या पडतीलच. त्यानंतर एकटी नर्तकी येईल तेव्हा तिच्या चेहऱ्याआधी पायांकडे बघा, टाच कधी टेकते ते. आणि ढोलवाला कुठे बसलाय तेही बघा. चांगल्या कंपनीत तो विंगेत नसतो. तो नर्तकीला दिसेल अशा जागी असतो, आणि तिचा श्वास बघून वाजवतो.

पुढच्या लेखांकात शाहीर साबळे यांची ‘महाराष्ट्राची लोकधारा’, आणि पसरणीच्या या शाहिराने गोंधळ, वासुदेव, भारूड एकाच संध्याकाळी मंचावर बसवताना काय ठेवलं आणि काय सोडलं, ते पाहू.