दिवा मालवला, पण गरम पाण्याचे काय?

खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा, ही शिस्त आपण भारतातून बरोबर आणली आणि इथे मुलांनाही लावली. सवय चांगलीच आहे. पण अमेरिकेतल्या घरात ऊर्जेचा मोठा खर्च दिव्यांवर होत नाही. सुमारे निम्मा खर्च घर गरम किंवा थंड ठेवण्यात जातो आणि त्याखालोखाल पाणी तापवण्यात.

थोडा हिशेब करू. बिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. त्यात ९ वॉटचा एलईडी दिवा १११ तास जळतो. आता शॉवर पाहा. मिनिटाला अडीच गॅलन पाणी धरले तर दहा मिनिटांत २५ गॅलन, म्हणजे आपल्या २० लिटरच्या पावणेपाच बादल्या! हे पाणी ५५ अंश फॅरनहाइटवरून १०५ अंशांवर न्यायला सुमारे ३ युनिटे वीज लागते. तेवढ्या विजेवर तो दिवा जवळजवळ चौदा दिवस अखंड जळेल. चौघांच्या कुटुंबात रोज अशा चार आंघोळी झाल्या, तर १५ सेंट दराने वर्षाला ६५० डॉलर होतात. शॉवर पाच मिनिटांत आटोपला तर यातले निम्मे वाचतात.

वॉटर हीटर १२० अंशांवर ठेवावा. १४० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच त्वचा भाजते. घरात लहान मुले किंवा वृद्ध आई-वडील असतील तर हे जरूर तपासा. मात्र कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर तापमान उतरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

'रात्री थर्मोस्टॅट उतरवला तर सकाळी घर पुन्हा तापवायला जास्त खर्च येतो,' असे बरेच जण म्हणतात. ते खरे नाही. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता घराबाहेर जाते. फरक कमी ठेवला की गळतीही कमी. रोज आठ तास थर्मोस्टॅट ७ ते १० अंश उतरवला, तर घर गरम-थंड करण्याच्या वार्षिक खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. हीट पंप असल्यास मात्र त्यासाठी खास बनवलेला थर्मोस्टॅट वापरावा.

प्रश्न केवळ आपल्या खिशाचा नाही. सगळ्यांनी एकाच वेळी वीज ओढली की सारी यंत्रणाच अडचणीत येते. ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेत कॅलिफोर्नियात आळीपाळीने वीज बंद करावी लागली. ६ सप्टेंबर २०२२ रोजी तिथली मागणी ५२,००० मेगावॉटच्या वर गेली. संध्याकाळी लोकांच्या फोनवर वीज वाचवण्याचा संदेश गेला, काही मिनिटांतच मागणी उतरली आणि तशी वेळ टळली. घराघरांतली थोडी थोडी बचत मिळून एवढे काम झाले.

तेव्हा पुढचे बिल आले की नुसता डॉलरचा आकडा पाहू नका. युनिटे पाहा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. दर आपल्या हातात नाही; युनिटे आहेत.