सून बोलतेय की एमडी?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत मला सगळे वहिनी म्हणतात. कागदोपत्री मी व्यवस्थापकीय संचालक. सासरे, म्हणजे आण्णा, अध्यक्ष. धाकटे दीर खरेदी-विक्री बघतात. अशा घरच्या कंपनीला बिझनेस कोच कशाला, हे पाहुण्यारावळ्यांनी विचारून झालंय. ‘सल्ला द्यायला आण्णा आहेत की!’ सल्ल्याची टंचाई आमच्याकडे कधीच नव्हती.

कोच सल्ला देत नाही, हेच लोकांना पटत नाही. कास्टिंगला ब्लोहोल का येतात ते सांगायला कन्सल्टंट येतो, रिपोर्ट देतो, बिल लावतो. कोच विचारत बसतो. ही रीत आली खेळाच्या मैदानावरून. टिमथी गॅल्वे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाने १९७४ साली एक पुस्तक लिहिलं. सूचनांचा भडिमार थांबवून खेळाडूचं लक्ष चेंडूकडे वळवलं, की तो आपसूक सुधारतो, हे त्याचं म्हणणं. पुढे जॉन व्हिटमोर या इंग्रज माजी मोटार रेसरने ही पद्धत कंपन्यांत रुजवली. त्यातले प्रश्न असे: हवंय काय, आज परिस्थिती काय, वाटा कोणत्या, आणि त्यातलं तुम्ही नक्की काय करणार?

आमचे कोच पुण्याचे, उभी हयात कारखान्यात काढलेले. पहिल्याच बैठकीत त्यांनी हीट रजिस्टरच्या कोऱ्या पानावर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढली: कुटुंब, मालकी, धंदा. हार्वर्डच्या रेनातो टागिउरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ साली मांडलेली ही आकृती. मग पेन माझ्या हातात दिलं. आण्णा आणि दीर तिन्ही वर्तुळांच्या मधोमध. नाशिकची नणंद आणि माझा डॉक्टर नवरा कुटुंबात अन् मालकीत, धंद्यात नाहीत. मोल्डिंगचे मेस्त्री फक्त धंद्यात. आणि मी? माझ्या नावावर एकही शेअर नाही. कंपनी चालवते मी, पण मालकीच्या वर्तुळाबाहेर. हे काही गुपित नव्हतं. पण कागदावर ठिपका देताना हात थबकला खरा.

या आकृतीचा उपयोग कळला तो पुतण्याच्या वेळी. तो इंजिनिअर होऊन आला आणि त्याला थेट जनरल मॅनेजर करा, असं दिरांनी सुचवलं. मी कोच सरांना म्हटलं, “नाही म्हटलं तर घरात वाईट दिसेल.”

“हे सून बोलतेय की एमडी?”

मी गप्प. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, “बाहेरचा नवा मुलगा घेतला असता, तर काय काम आणि किती पगार दिला असता?”

उत्तर मला ठाऊक होतंच. कामाचा पगार बाजारभावाने, शेअरचा मोबदला डिव्हिडंडमधून, आणि माया करायची तर आपापल्या खिशातून. कुटुंबाच्या कंपन्यांत हे तिन्ही एकाच गल्ल्यातून जातं आणि निम्मी भांडणं तिथेच उगवतात, असं माझं मत आहे. आण्णांशी तुम्हीच बोला ना, अशी गळ मी सरांना घातली. त्यांनी साफ नकार दिला; फक्त माझं पहिलं वाक्य माझ्याकडून तीन-चारदा बोलून घेतलं. आण्णांनी सगळं ऐकलं, वर्तुळं चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, “मग माझ्या गाडीचं पेट्रोल कुठल्या वर्तुळात?” त्याचाही नियम करावा लागला.

पुतण्या आता सँड प्लांटवर ट्रेनी आहे, मेस्त्रींच्या हाताखाली. दीर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. तेव्हा कोच आला की घर गुण्यागोविंदाने नांदतं, असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आपल्याकडे कोच व्हायला परवाना लागत नाही. चार वेबिनार करून कार्ड छापणारेही आहेत. मी दोनच गोष्टी बघितल्या होत्या. गृहस्थाने कधी पगारपत्रकावर सही केलीय का, आणि माझं बोलणं आण्णांच्या कानावर घालणार नाही, असं लेखी देतो का. वाटणी, शेअरचं मूल्यांकन, मृत्युपत्र ही कामं वकिलाची आणि सीएची. तिथे सर स्वतःच हात वर करतात.

आता नणंदेने विचारलंय, डिव्हिडंड किती द्यायचा हे ठरतं कशावर? प्रश्न रास्त आहे. दिवाळीआधी चौघे भागधारक एकत्र बसतील. मी आकडे मांडणार, एमडी म्हणून. जेवणाचं मात्र या वेळी बाहेरून सांगितलंय.