टास्मोटा, ईएसपीहोम आणि पायाचा दगड

एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि ग्राहकांच्या घरातले ‘स्मार्ट’ दिवे ॲपला दाद देईनासे झाले. उपकरणं धडधाकट होती, पण ॲपचा कारभार चालायचा दूरच्या सर्व्हरवरून. अशी बातमी आली की हौशी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: स्वस्त प्लगमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, पुसून खुलं फर्मवेअर टाकायचं, तर कोणतं?

या प्रश्नाची गोष्ट शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६ या चिपपासून सुरू होते. २०१४मध्ये ती लोकांच्या हाती पडली, तेव्हा तिच्याकडे निव्वळ वाय-फायचा जोड म्हणून पाहिलं जात होतं. डोकं आर्डुइनो बोर्डाने चालवायचं, हिने निरोप पोचवायचे. प्रत्यक्षात हिच्या पोटात ८० मेगाहर्ट्झचा ३२ बिटी प्रोसेसर होता. आर्डुइनो उनोचा होता १६ मेगाहर्ट्झचा, ८ बिटी! माहितीपत्रकं मात्र बरीचशी चिनी भाषेत. उत्साही लोकांनी ती भाषांतर करून वाचली आणि ही चिप एकटीच सगळं काम करू शकते हे ताडलं.

इथे इव्हान ग्रोखोत्कोव्ह यांचं नाव घ्यायलाच हवं. आर्डुइनोसाठी लिहिलेला प्रोग्राम थेट या चिपवर चालावा, म्हणून लागणारा सॉफ्टवेअरचा पाया त्यांनी रचला आणि २०१५मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. पुढे ते एस्प्रेसिफमध्येच रुजू झाले. (याच कंपनीचं एक संशोधन केंद्र आपल्या पुण्यात आहे.) टास्मोटा आणि ईएसपीहोम या दोन खुल्या फर्मवेअरपैकी चांगलं कोणतं, यावर लोक तावातावाने वाद घालतात, पण ईएसपी८२६६वर दोन्ही याच पायावर उभी आहेत, हे क्वचितच कोणी सांगतं.

नेदरलँड्सच्या थिओ आरेंड्स यांनी २०१६च्या सुमारास सोनऑफ ब्रँडच्या स्वस्त स्विचसाठी टास्मोटा लिहायला घेतलं. ते तयार शर्टासारखं आहे: आणा, घाला, बाह्या दुमडा. एकदा चिपवर चढवलं की प्लग स्वतःचं वेबपान दाखवतो आणि कोणत्या पिनवर रिले, कोणत्या पिनवर बटण, ते तिथेच निवडता येतं. ओटो विंटर यांनी सुरू केलेलं ईएसपीहोम म्हणजे शिंप्याकडचं काम. आधी यामल या साध्या मजकुराच्या मांडणीत मापं लिहून द्यायची, मग त्या एकाच उपकरणापुरतं फर्मवेअर कम्पाइल होतं. पिन बदलली? पुन्हा कम्पाइल करा, पुन्हा चढवा.

खरा फरक इथेच आहे: निर्णय उपकरणावर बसून घ्यायचे, की आधीच घेऊन टाकायचे? वैशिष्ट्यांचे लांबलचक तक्ते जुळवत बसण्यात फारसा अर्थ नाही. टास्मोटात सगळ्यांसाठी सगळं भरलेलं असल्याने ते जागा खातं. म्हणून १ एमबी मेमरीच्या स्विचवर वाय-फायवरून नवी आवृत्ती चढवताना आधी एक छोटी, तात्पुरती आवृत्ती बसवावी लागते आणि मग पूर्ण. ईएसपीहोम आटोपशीर असतं, पण त्यालाही एक खोड आहे. त्याच्या एपीआयशी १५ मिनिटं कोणीच जोडलं गेलं नाही, तर ते चिप रीस्टार्ट करतं. ही मुदत बदलता येते, पण माहीत नसेल तर माणूस चक्रावून जातो.

मायक्रोपायथनचा मार्ग निराळा. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या डेमियन जॉर्ज या भौतिकशास्त्रज्ञाने २०१३मध्ये त्यासाठी लोकांकडे १५ हजार पौंड मागितले, मिळाले जवळपास ९८ हजार! अवघ्या १६ केबी रॅममध्येही पायथन चालवण्याची ही करामत आजही थक्क करते. यात चिपशी थेट बोलता येतं: एक ओळ लिहा, एलईडी लागतो. शाळेत शिकवायला याहून चांगलं साधन नाही. बाजारातून आणलेल्या प्लगला मात्र टास्मोटा बरं आणि घरी जुळवलेल्या सेन्सरला ईएसपीहोम.

‘कोणताही प्लग मोकळा करा’ या जाहिरातवजा उत्साहावर मात्र विश्वास ठेवू नये. अलीकडच्या बऱ्याच स्वस्त प्लगमध्ये ईएसपीऐवजी बेकेन कंपनीची चिप असते आणि टास्मोटा त्यावर चालतच नाही. तिथे ओपनबेकेन हे फर्मवेअर वापरावं लागतं, किंवा लिब्रेटायनीच्या आधाराने ईएसपीहोम. शिवाय तारा जोडून फर्मवेअर चढवताना प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये असता कामा नये. या उपकरणांच्या सर्किटमध्ये बहुधा २३० व्होल्टचा वीजपुरवठा अलग केलेला नसतो, त्यामुळे संगणकाबरोबर माणसाचाही जीव जाऊ शकतो.