राजापाळयम की कारवानी?

बदली हा बँकेतील नोकरीचा अविभाज्य भाग आहे. तीन-चार वर्षांनी गाव बदलते, घर बदलते, मुलांची शाळा बदलते. घरी आणलेले कुत्रे मात्र दहा-बारा वर्षे सोबत असते. त्यामुळे पिल्लू निवडताना आजच्या घराबरोबरच पुढील तीन बदल्यांचाही विचार करावा लागतो. आमचा तेरा वर्षांचा जुना सोबती गेल्या वर्षी वार्धक्याने गेला. तेव्हापासून चेन्नईतील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात रात्रीच्या जेवणाला हाच विषय निघतो. सकाळी कुत्र्याला खाली फिरवून आणणे हा सत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींचा नित्यक्रम होता. तो खंडित झाल्यापासून त्यांचे चालणेही थांबले आहे आणि खरी काळजी तीच आहे.

परदेशी जातींचा विचार आम्ही प्रारंभीच बाजूला ठेवला. मे महिन्यात येथे पारा चाळिशी गाठतो, त्यात समुद्राकाठची दमट हवा. थंड प्रदेशातील दाट केसांच्या कुत्र्यास अशा हवेत आणून वातानुकूलित खोलीत कोंडणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मग देशी जातींकडे वळलो. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी जातींची तिकिटे काढली होती. त्यांतील दोन नावांवर आमचा शोध थांबला. एक या प्रदेशातील राजापाळयम आणि दुसरे मुधोळ, म्हणजेच आपल्याकडील कारवानी.

राजापाळयम हे विरुधुनगर जिल्ह्यातील गाव. तेथील कुत्रा दुधासारखा पांढरा, गुलाबी नाकाचा, उंच आणि भरदार छातीचा. पूर्वी रानडुकराच्या शिकारीसाठी तो पाळला जाई. आज शेतमळे व बंगल्यांच्या राखणीसाठी पाळला जातो. त्याची निष्ठा प्रसिद्ध आहे, परंतु ती बहुधा एका व्यक्तीवर आणि एका आवारावर असते. अनोळखी माणसाविषयीचा संशय त्याच्या रक्तातच आहे. उद्वाहकात रोज नवे चेहरे भेटतात, दूधवाला आणि टपालवाला थेट दारापर्यंत येतात. अशा इमारतीत हा गुणच दोष ठरू शकतो.

शिवाय या जातीत जन्मजात बहिरेपणा आढळतो आणि त्याचा संबंध पांढऱ्या रंगाशी आहे. पिल्लू घेताना त्याला भावंडांपासून दूर न्यावे आणि त्याच्या नजरेआड उभे राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. पाय आपटू नये, कारण जमिनीचा हादरा बहिऱ्या पिल्लालाही जाणवतो. मात्र एकच कान बहिरा असल्यास ही घरगुती परीक्षा फसते. त्यासाठी पशुवैद्यक हवा. चेन्नईकरांना त्या बाबतीत वेपेरीच्या मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयाचा आधार आहे. ही संस्था १९०३ पासूनची. याच शहरात सैदापेट येथे शासनाचे देशी श्वानांचे पैदास केंद्रही होते. तेथील प्राण्यांच्या दुरवस्थेचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये केंद्र बंद करण्याचा आदेश झाला. आता खासगी पैदासकारांवाचून पर्याय नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराची राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. कर्जदाराची कागदपत्रे पाहण्याची आपली सवय येथेही उपयोगी पडावी!

कारवानी हा मुळात धावणारा. अरुंद लांबट तोंड, आत ओढलेले पोट, अंगावर चरबी जवळजवळ नाही. वासापेक्षा नजरेने शिकार टिपणारी ही जात. सांगली, कोल्हापूर, लातूरकडे ती पूर्वापार पाळली जाते. रेशमी केसांची असेल तर तिला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिचे संवर्धन केले आणि पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. (याच मुधोळच्या बाजी घोरपड्यांनी १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद केले ते जिंजीजवळ, म्हणजे आमच्या चेन्नईपासून काही तासांच्या अंतरावर. हा इतिहास कळल्यावर मातोश्रींनी काही दिवस मुधोळ हे नाव वर्ज्य केले होते.) सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात २०१६ मध्ये या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेण्यात आली.

कारवानी घरात शांत असतो, भुंकणे कमी, अनोळखी माणसाशी बेताने वागतो. पण मांजर दिसताच तो सुटला की हाकेला थांबत नाही; पट्ट्याशिवाय त्याला रस्त्यावर नेणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. मुलाने त्याला बंदिस्त मैदानात पळवावे आणि मातोश्रींनी फक्त संथ फेरी मारावी, अशी विभागणी आम्ही केली आहे. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास कृश देहयष्टीमुळे भुलीच्या औषधाची विशेष काळजी घ्यावी लागते, हेही पशुवैद्यकास आधीच सांगून ठेवावे.

तांबरम किंवा आवडीकडे स्वतःचे आवार असते आणि नोकरी एका गावी स्थिर असती, तर आम्ही निःसंशय राजापाळयम आणला असता. आवाराची राखण हेच ज्याचे काम, त्याचे आवार दर तीन वर्षांनी बदलणे त्याच्यावर अन्याय होईल. त्यामुळे मत कारवानीच्या बाजूने पडले.

महानगरपालिकेचा परवाना बंधनकारक असून त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. रेल्वेने कुत्रा सोबत न्यायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गातील संपूर्ण कूपे आरक्षित करावे लागते, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. पुढील बदलीसाठी दोन तिकिटांच्या कूप्याचा खर्च आम्ही आतापासून आवर्ती ठेवीत बाजूला टाकू लागलो आहोत. पिल्लू मादी असावे, असा मातोश्रींचा आग्रह आहे. नाव अजून ठरलेले नाही.