जबड्यातली गाठ आणि तिचा कोड

एक्स-रेवर दाताजवळ काळी गोल सावली दिसली की घरचे कॅन्सरच्या भीतीने हादरतात, नाहीतर ‘दात किडला असेल, रूट कॅनाल करून टाका’ म्हणतात. दोन्हीत घाई आहे. किडून मेलेल्या दाताच्या मुळाशी संसर्गातून होणारी रॅडिक्युलर सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पोकळ गाठ, वेगळी. दात किंवा चेहरा घडताना मागे राहिलेल्या पेशींतून होणारी विकासात्मक सिस्ट वेगळी. तिच्यात शेजारचा दात बहुधा निर्दोष असतो.

म्हणून आधी पाहायचं, दात जिवंत आहे का. थंड स्प्रे मारलेला कापसाचा बोळा लावला की जिवंत दाताला झटकन कळ लागते आणि बोळा काढताच ती थांबते. टाळूच्या पुढच्या भागात, मधोमध, पत्त्यातल्या बदामासारखी सावली आहे आणि पटाशीचे चारही दात असे जिवंत आहेत, तर शंका नेझोपॅलाटाइन डक्ट सिस्टची. तिथे रूट कॅनाल केलं तर चांगला दात हकनाक जातो आणि गाठ तशीच राहते.

‘दुखत नाही, गालही सुजलेला नाही, मग काढायची कशाला?’ हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. केराटोसिस्ट ही विकासात्मक सिस्ट हाडाच्या आतून लांबीने पसरते, त्यामुळे बाहेर सूज उशिरा येते. काढल्यावरही ती पुन्हा उद्भवू शकते, म्हणून वर्षानुवर्षं तपासणी लागते. अडकलेल्या अक्कलदाढेभोवतीची सावली पाहून ‘डेंटिजेरस सिस्ट’ म्हणून मोकळं होणंही चूकच. केराटोसिस्ट आणि अमेलोब्लास्टोमा ही गाठसुद्धा ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, हुबेहूब तशीच दिसू शकते. खरं निदान बायोप्सीचं.

तान्ह्या बाळाच्या हिरडीवर किंवा टाळूवर दिसणारे पांढरे मणी म्हणजे जन्मतः आलेले दात, असंही अनेकांना वाटतं. बहुतेकदा त्या इवल्या सिस्ट असतात. टोचू नका, चोळू नका. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप जातात.

आता निदानाचा कोड. ‘ते कारकुनी काम’ असं डॉक्टरही म्हणतात, ते मला पटत नाही. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रॅडिक्युलर सिस्ट के०४.८, दातापासूनच्या विकासात्मक सिस्ट के०९.०, आणि नेझोपॅलाटाइनसारख्या दाताशी संबंध नसलेल्या के०९.१. कोड बदलला की नोंदीतलं आजाराचं कारणच बदलतं. यादीतलं प्रत्येक नाव आज शास्त्रमान्य आहे, असंही नाही. के०९.१ खालची ग्लोब्युलोमॅक्सिलरी सिस्ट आता स्वतंत्र आजार मानली जात नाही. सुळ्याशेजारच्या तशा गाठी तपासल्यावर बहुधा रॅडिक्युलर किंवा केराटोसिस्ट निघतात. केराटोसिस्टला जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ट्यूमर म्हटलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणलं. त्यामुळे जुन्या कागदांवर वेगळं नाव दिसलं, तरी आजार तोच असू शकतो.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला आणि निदान बदललं, तर कागदावरचा कोडही बदलून घ्या. विम्याचा दावा आणि पुढची तपासणी त्याच कागदावर चालते.